चेंडू कोना शे?

नंदुरबार, रविवार संध्याकाळ, १९६२

मंदबुद्धी मुलींना दर रविवारी शाळेच्या ओसरीवर खेळायला जमवायचं, हे मीच ठरवलं. मग आज पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढे मिरच्यांची सुपं का ठेवली? लोकांना काही उपयोगाचं दिसावं म्हणून? वीस वर्षांची कमल खिडकीतल्या चेंडूकडे बघत दोनदा म्हणाली, “चेंडू कोना शे?” तो कोणाचा आहे हे न सांगता मी म्हटलं, “आधी देठ खुड.” बी.ए. झाले, पण अक्कल?

न्यायला आलेली तिची आई म्हणाली, “ताई, देठ तं ती घर बी खुडस. आठे खेळाले लई उनू मी तिले. आते नही धाडसू.”

बरोबरच बोलली. खेळायला आणलेल्या मुलीला मी घरचंच काम दिलं, मग ती पुन्हा कशाला धाडेल? उद्या त्यांच्या घरी जाणार, चेंडू घेऊन. कमलने पुन्हा विचारलं, की सांगणार, “तुन्हा शे.”