एक्केचाळीस शेवटची कडवी

मी, खाली सही करणारी, वय बासष्ट, धंदा गाणी रचणे, ती म्हणणे आणि स्वतःच विकणे, हे मृत्युपत्र रुग्णालयाच्या खोलीत, पलंगावर बसून, जेवणाचे सरकते टेबल पुढे ओढून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. भीती मात्र भरपूर आहे. भीतीपोटी केलेले मृत्युपत्र रद्द होते का, हे मी वकीलबाईंना पाटीवर लिहून विचारले. त्या म्हणाल्या, "तसं असतं तर आजवर एकही टिकलं नसतं."

उद्या सकाळी नऊ वाजता माझ्या गळ्याची शस्त्रक्रिया आहे. गाठ आवाजाच्या नसेला चिकटून बसली आहे. सर्जनसाहेबांनी तीन शक्यता सांगितल्या: मी उठेन आणि गाईन, उठेन पण आवाज नसेल, आणि तिसरी. "तिसरीची शक्यता अगदीच कमी," असे ते म्हणाले आणि खिशातले पेन चाचपू लागले. गेले दहा दिवस मला बोलायला बंदी आहे. आजवर भीती वाटली की मी गुणगुणायचे. आता तीही वाट बंद, त्यामुळे सगळी भीती गळ्यातच बसून आहे, गाठीच्या शेजारी.

कलम १. याआधीची सर्व मृत्युपत्रे रद्द. एकच होते. घाटात बसचा ब्रेक लागेना तेव्हा तिकिटाच्या मागे लिहिलेले. त्यात मी सगळे काही ड्रायव्हरला दिले होते, कारण तेव्हा दुसरे कोणी सुचले नाही.

कलम २. शिवणाच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या माझ्या एकुलत्या एक मुलीला द्याव्यात. आतल्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटाला आतून जुन्या गोधड्या ठोकलेल्या आहेत. त्या काढू नयेत. त्या कपाटात उभी राहून मी पाच संग्रहांचे ध्वनिमुद्रण केले आहे. उन्हाळ्यात दोन गाण्यांनंतर चक्कर यायची. तिसऱ्या संग्रहात एका गाण्यात मागे बारीक टकटक ऐकू येते, ती खालच्या शिंपीणबाईंच्या मशीनची आहे. हे कोणते वाद्य म्हणून तीन जणांनी मला पत्राने विचारले. मी एकालाही खरे सांगितले नाही.

कलम ३. पत्त्यांची वही, म्हणजे एकत्र शिवलेल्या सहा वह्या, मुलीला. ही वही म्हणजेच माझा सगळा धंदा, म्हणून ती कशी भरली ते लिहून ठेवते.

माझ्या पहिल्या कॅसेटमध्ये चार गाणी होती. शेवटच्या गाण्यात एक बाई लहान मुलीला शेजारणीकडे सोडून, पेटी उचलून गाडी पकडायला जाते. ते गाणे कॅसेटवर अर्धवटच आहे. बाई फलाटावर उभी आहे, आणि पुढे नुसती खरखर. टेप संपली, असे मी सर्वांना सांगितले. कोणतीही कंपनी असला अर्धवट माल हातात धरेना. मग मी प्रती स्वतः काढल्या आणि वाचनालयाच्या पायऱ्यांवर, कारखान्याच्या उपाहारगृहात, दुसऱ्यांच्या कार्यक्रमांच्या दारात उभी राहून विकल्या. प्रत्येक कॅसेटमध्ये माझा पत्ता लिहिलेली चिठ्ठी टाकली. महिन्याभरात पत्रे येऊ लागली. सगळ्यांचा प्रश्न एकच: ती बाई परत येते का?

मी प्रत्येकाला कार्डावर एकच ओळ लिहिली: "वीस खुर्च्या मांडा, येऊन सांगते."

लोकांनी खुर्च्या मांडल्या. शेजाऱ्यांच्या मागून आणल्या, खाटा उभ्या केल्या, पोरांना खिडकीत बसवले. मी गिटार घेऊन गेले आणि त्यांच्यासमोर शेवटचे कडवे म्हटले. तेव्हापासून माझा नियमच झाला. प्रत्येक गाणे ध्वनिमुद्रित करायचे ते शेवटचे कडवे सोडून. ते ऐकायचे तर समोर बसूनच. कॅसेटी गेल्या, तबकड्या आल्या, त्याही गेल्या. गाणी फोनवर कशी चढवायची ते मी पन्नाशीत शिकले. नियम तोच राहिला. लोकांच्या सोफ्यांवर झोपले, त्यांच्या कुत्र्यांची नावे पाठ झाली. कोणी फोनमध्ये चोरून टिपून एखादे कडवे जगजाहीर केलेच, तर बाकीचे श्रोते त्याला असे झापतात की तासाभरात ते उतरवले जाते. कुठल्या कंपनीच्या वकिलाला हे जमले असते?

वहीत प्रत्येक पत्त्यापुढे आकडे आहेत. त्या घराने कोणकोणती शेवटची कडवी ऐकली ते त्यावरून समजते. पूर्ण एक्केचाळीस आकडे कोणाच्याच पुढे नाहीत.

कलम ४. माझा माइक, ध्वनिमुद्रणयंत्र आणि तारांची पिशवी कानवाल्याला. कानवाला म्हणजे पहिल्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण करणारा माझा मित्र. दोन खोल्यांपलीकडे कोणी चमचा खाली ठेवला तरी तो "कट" म्हणायचा. तारांचा गुंता त्यानेच सोडवावा, कारण बराचसा त्यानेच केलेला आहे. मृत्युपत्रातून त्याला काही मिळत असल्यामुळे तो या कागदावर साक्षीदार होऊ शकत नाही, यावरून तो रुसला आहे. अरे, साक्ष तुझीच मोठी आहे. टेप संपली नव्हती. अजून तीन मिनिटे शिल्लक होती. तू काचेपलीकडून बोट उंचावलेस आणि माझे तोंडच उघडेना. मग तू बाहेर आलास आणि तुझे तूच म्हणालास, "टेप संपली." अडतीस वर्षे तू याबद्दल कोणाला चकार शब्द बोलला नाहीस. हे मी जाताना लिहून ठेवते आहे.

कलम ५. माझी गिटार धाकट्या भावाला. त्याला वाजवता येत नाही हे मला माहीत आहे, म्हणूनच. शिकायला बसला तर बोटे सोलतील, आणि बहिणीने काय केले ते निदान बोटांना तरी कळेल. भाऊ वाईट नाही. माझ्या अडीअडचणीला तो धावून आला आहे आणि त्याचा उल्लेख करायला तो कधी विसरलेला नाही. पण गेल्या महिन्यात तो एका कंपनीच्या माणसाला घरी घेऊन आला. त्या माणसाने बूट काढले नाहीत आणि गाणे एकही ऐकलेले नव्हते. मला तेव्हा बोलता येत होते.

"ताई, तुमची सगळी गाणी आम्ही घेतो," तो म्हणाला. "अपुरी आहेत तीही. आम्ही पूर्ण करून घेऊ."

"पूर्ण कशी करणार?"

"शेवट आमचा लेखक लिहील. आवाज यंत्र काढून देतं हल्ली. तुमचाच वाटेल हुबेहूब."

"आणि मी?"

"तू आराम कर की," भाऊ मध्येच म्हणाला. "गळ्याला त्रास कशाला? अगं, तुझं नाव राहील."

त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. शस्त्रक्रियेची भीती नंतर आली, ही आधीची आहे. मी नसताना माझाच आवाज एखाद्या अनोळखी खोलीत तोंड उघडतो आहे, आणि त्यातून दुसऱ्याच कोणाचे शब्द येत आहेत. ऐकणाऱ्याला ते कळत नाही. माझ्या मुलीलाही कळत नाही.

कलम ६. म्हणून स्पष्ट लिहिते. माझी मूळ ध्वनिमुद्रणे आणि गाण्यांचे सर्व हक्क मुलीकडे राहतील. ती कोणत्याही कंपनीला विकू नयेत. माझा आवाज कोणत्याही यंत्राला शिकवू नये. भावाने या कलमाला हरकत घेतल्यास गिटारही परत घ्यावी.

कलम ७. आता शेवटची कडवी. हे कलम मी चार दिवस पुढे ढकलते आहे.

ही कडवी मी कधीच कागदावर उतरवली नाहीत. श्रोत्यांना ती आठवतात, पण प्रत्येकाला निराळी. वकीलबाई म्हणाल्या, "जे कागदावरच नाही, ते मी कोणाच्या नावावर करू? उद्या कंपनीने काहीही लिहिलं आणि हेच मूळचं म्हटलं, तर तुमची मुलगी काय दाखवेल?" बरोबर आहे. पण पेन्सिल हातात घेतली की मी ती पुन्हा खाली ठेवायचे. कारण लिहायला लाज वाटते, तरी लिहिते. मला वाटायचे, सगळी कडवी उतरवून झाली की माझे काम संपले, आणि काम संपलेल्या माणसाला टेबलावरून परत कोण उठवणार? निदान एखादे तरी पोटात ठेवावे, म्हणजे ते बाहेर काढण्यासाठी तरी मला जागे करतील. अशी वेडगळ समजूत बासष्टाव्या वर्षी, डॉक्टरांचा दाखला शेजारी ठेवून.

रविवारपासून रोज दहा, अशी चाळीस कडवी मी लिहिली. प्रत्येकानंतर नाडी मोजली. ती बंद पाकिटात वकीलबाईंकडे आहेत आणि ती मुलीला द्यावीत. तिने ती गावी, छापावी, वीस खुर्च्या मांडणाऱ्यांना वाचून दाखवावी किंवा जाळावी. तिची मर्जी.

एक्केचाळिसावे कडवे त्या पाकिटात नाही. ते फलाटावरच्या बाईच्या गाण्याचे आहे.

कलम ८. माझी मुलगी बावीस वर्षे माझ्याबरोबर काम करते आहे. पत्रव्यवहार, तारखा, प्रवास, सगळे तीच बघते. कार्यक्रमाचा शेवट मी नेहमी त्याच गाण्याने करते. ते सुरू झाले की ती उठून बाहेर जायची आणि दाराशी टेबल मांडायची, लोक निघताना त्यांना तबकड्या घेता याव्यात म्हणून. मला ते कामसूपणाचे वाटायचे.

काल भेटीच्या वेळेत ती आली. उशी नीट केली, नखे कापली. मग खाली बघून म्हणाली, "आई, त्या गाण्यातली बाई शेवटी परत येते का गं?"

मी पाटीवर लिहिले, "तुला माहीत नाही?"

"मी कधी ऐकलंच नाही. मुद्दाम बाहेर जायचे. लहानपणी कॅसेट संपली की मी आपलं ठरवून टाकायचे, येते. मोठी झाल्यावर खरं ऐकायची हिंमत नाही झाली." मग हसली. "दोन हजार घरांना माहीत आहे आणि मला नाही. उद्या परवा काही झालं तर मी कोणाला विचारू?"

पाटी पुसून मी लिहिले, "येते."

तिला पाटी घरी न्यायची होती. नर्सने दिली नाही, तेव्हा तिने माझ्याकडून तेच कागदावर लिहून घेतले आणि पर्समध्ये ठेवले. जाताना जिन्यात ती ते गाणे गुणगुणत होती.

मृत्युपत्रात खोटे लिहिता येत नाही, म्हणून मूळचे कडवे येथे देते:

शेजारणी, आता लाव दाराला कडी,
लेकीला सांग, आईची चुकली गं गाडी.
दुसरी गाडी नाही, दुसरी वाट नाही,
सांग तिला, आई आता यायची नाही.

बाळ, यापुढचे तुला लिहिते. वकीलबाई रागावतील, पण राहू दे.

तू चार वर्षांची होतीस. तुझे बाबा जाऊन वर्ष झाले होते. तुला मामाकडे ठेवून मी ध्वनिमुद्रणासाठी तीन दिवस म्हणून गेले आणि अकरा दिवस राहिले. हे कडवे नवव्या दिवशी मनातच रचले. तेव्हा मला परत यायचे नव्हते. तुझ्यात काही कमी नव्हते. परत आले तर मी पुन्हा कधीच गाणार नाही, ही भीती मोठी होती, आणि मी लहान होते. ते गायची वेळ आली तेव्हा मात्र तोंड उघडले नाही. अकराव्या दिवशी मी आले. तू मामाच्या दारात बसली होतीस. तू धावत आली नाहीस. आत जाऊन पेला भरून आणलास आणि पाहुण्यांना विचारतात तसे मला विचारलेस, "पाणी घेणार का?"

त्यानंतर हे कडवे मी परक्या माणसांसमोर बिनदिक्कत म्हणत आले आणि तुझ्यासमोर ते कधी म्हणावे लागले नाही, याचे मनातून बरे वाटून घेतले. हे कडवे तुझे आहे. बदल, फाड, नाहीतर आहे तसे गा.

मी उठले तर हा कागद मी फाडीन आणि तुला समोर बसवून सगळे सांगेन, आवाज नसला तर पाटीवर. तो तुझ्या हाती पडला असेल तर मी उठलेले नाही, आणि तुझ्या पर्समधला कागद दोन्ही बाजूंनी खोटा ठरला आहे. तो तरीही टाकू नकोस. तो लिहिताना मी खोटे बोलत नव्हते, मागत होते. मला फार भीती वाटते आहे. या खेपेला मला परत यायचे आहे.

येथवर मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून तो पुन्हा वाचून बरोबर असल्याची खात्री केली. अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

सही: गाणारी

आम्हां दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली. त्यांना बोलण्यास मनाई असल्याने "हे तुमचेच का?" असे विचारले असता त्यांनी मान हलवून होकार दिला.

साक्षीदार १: बाईंच्या घराखालच्या दुकानातली शिंपीण
साक्षीदार २: दुसऱ्या मजल्यावरची दिवसपाळीची नर्स

स्थळ: रुग्णालय, दुसरा मजला, खिडकीकडचा पलंग
दिनांक: नऊ, बुधवार, दुपारी चार वाजता