मोबाईलातला पाऊस

ता. २ ऑक्टो., देऊळघाट
सुनीताले माहेरी, सोनाळ्याले जाऊन सोळा दिवस. भाजीत मीठ जास्त झालं म्हणून भरलं ताट भिंतीवर मारलं होतं म्या. फोनवर म्हणे, "तुमचा राग गेला की येईन. नाही तं नाही."
चुलतभाऊ गजानननं मोबाईलात आडिओ टाकून देला. रात्रभर कानात लावून झोपाचं. वरून नुसता पाण्याचा आवाज, त्याच्याखाली कोणीतरी 'मी शांत आहे' बोलते म्हणे. आपल्याले आयकू येत नाही, पण डोक्यात बसते. एकवीस रात्री. पाहू.

ता. ४
कायचं शांत! दोनदा दचकून उठलो. सोयाबीन सोंगून, म्हणजे कापून, वावरात सुडी लावेल आहे, माणूसभर ढीग. ओली आहे, झाकली तं आतून तापते, म्हणून उघडीच. कानात पाणी पडलं की जीव सुडीवर. ताडपत्री टाकाले बॅटरी घेऊन पळत गेलो तं टिपूर चांदणं. माय म्हणे, "काऊन रे पिसाळल्यावानी फिरून राह्यला?"

ता. ७
झोप दीड-दोन तास. पुन्हा वावर, पुन्हा चांदणं.
गजाननले म्हटलं, दुसरा आवाज नाही का बे? "समुंदराचा आहे भाऊ, पण डाउनलोड नाही होऊन राह्यला." हाणलाच असता.

ता. ९
डोळे लालभडक. चहा थंडा म्हणून मायवर खेकसलो.
सुनीताचा फोन. "आवाज असा काऊन? झोपले नाही का?" गोड बोलाचं ठरवलं होतं. निघालं, "तुह्याच पायी जागून राह्यलो न!" तिनं फोन ठेवला.
राग जावा म्हणून लावलं तं झोप गेली, झोप गेली तं राग वाढला. शाबास रे मर्दा.

ता. १२
ठरवलं. आज उठाचं नाही. पाणी पडलं तं मोबाईलात पडून राह्यलं, वावरात नाही.

ता. १३
झोपलो. दहा दिवसांत पहिल्यांदा, मेल्यावानी. मधात पाणी जोरात आयकू आलं. म्हटलं, आडिओच. कूस बदलली.
सकाळी मायनं हालवलं. आंगणभर पाणी. मोबाईल चार्जिंग संपून कवाचाच बंद.
सुडी बुडापासून ओली. ताडपत्री बाजूले, घडी केली तशीच.
गजानन आला, मान खाली घालून. म्या हात उचलला नाही. बांधावर बसून राह्यलो.

ता. १६
दाण्याले कोंब फुटले. वास सुटला.
सुनीताचा फोन. मायनं सांगतलं असन.
"गजाननभाऊले काई बोलले नाही म्हणे?"
"नाही."
"मंग राग गेला का?"
हो म्हटलं असतं तं आली असती. अंगात ओरडाची ताकदच नाही राह्यली, हे तिले कसं सांगाचं? अन् ताकद आली की मंग? "पाहू," म्हटलं. तिनं या वक्ती फोन ठेवला नाही.
त्याच वाकड्या ताटात जेवलो. डुगडुगते.
आडिओ पुसून टाकला. कानात काईच नाही, तरी पाणी आयकू येऊन राह्यलं. उठून पाहावं का?