गुंतवळाची डबी

३ मार्च, सोमवार
आले बाई एकदाची! ताईच्या तोंडात साखर पडो, नोकरी शोधावी तर तिनं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ती इथंच कामाला होती. मालकीणबाईंना जुन्या चांदीच्या शृंगारवस्तू जमवायचा भारी नाद: मुठीचे आरसे, ब्रश, फण्या, पावडरच्या डब्या, सगळ्यांच्या पाठीवर रंगीत मीनाकाम. मी पुसायचं, तपासायचं, वहीत टिपायचं. मी मीनाकाम शिकलेली, म्हणून ताईनं माझं नाव सुचवलं. खोली हवेशीर, गादी मऊ. अजून काय हवं?

५ मार्च, बुधवार
सगळ्यांत देखणा तो निळा सेट. पण त्यातल्या आरशाच्या मीन्याला बोटभर तडा आहे. मीना म्हणजे चांदीवर वितळवलेली काच. तडकली की संपलं, आपोआप सांधत नाही. तसं सांगितलं तर मालकीणबाई नुसत्या हसल्या. त्यांचा एकच हट्ट: रोज सकाळी मी त्याच सेटच्या ब्रशनं केस विंचरायचे आणि निघालेला गुंतवळ भोकाच्या झाकणाच्या डबीत टाकायचा. वापरात नसली की चांदी काळवंडते म्हणे. असेल बाबा, म्हातारीची हौस! माझे केस दाट, घरी सगळे घोडीची शेपटी म्हणून चिडवायचे. ताईचेही बरे होते, पण इथून परतली ती अगदी बारीक कापूनच. उकडतं म्हणाली.

११ मार्च, मंगळवार
तडा नखाएवढाच उरलाय. तीनदा मोजला. असं होत नाही! आणि माझा भांग रुंदावलाय. पाणी मानवत नसेल.

१५ मार्च, शनिवार
रोज मूठभर गुंतवळ टाकते, सकाळी डबी रिकामी. विचारलं तर मालकीणबाई म्हणाल्या, मुरतो. घरी जाते म्हटलं, तर म्हणाल्या, काम पुरं झाल्यावर. फाटकाला कुलूप. पायांत त्राण नाही. ताईला फोन करून हमसाहमशी रडले. लगेच निघते म्हणाली. माझी ताई ती, मला वाऱ्यावर सोडायची नाही.

१८ मार्च, मंगळवार
ताई आली! आता बिनघोर. वेणी कंबरेच्या खाली गेलीय तिची — सहा महिन्यांत? तू लिहीत बस म्हणाली, लहानपणीसारखी मागं बसून विंचरतेय. किती बरं वाटतंय. मालकीणबाईंनी जुनी नोंदवही समोर ठेवलीय, ताळा करायला.

निळा आरसा — ताईचं अक्षर — गेल्या सप्टेंबरची तारीख —

‘तडा दोन बोटं. माझ्या केसांनी एक बोट भरला. उरलेल्यासाठी धाकटी बहीण देते. केस दाट. कामाच्या निमित्तानं येईल. मग मला सोडाल ना?’

खाली मालकीणबाईंचं: ‘हो. केसही परत.’

ताई, तू —? शाळेत जाताना रोज वेणी घालायचीस — हिसका बसला की दुखलं का गं विचारायचीस —

आत्ताही विचारतेय. हातात निळा ब्रश. उठू देत नाही, खांदा दाबून —

तडा केसाएवढा राहिलाय. डोकं गार पडलं. मानेवर तिची आसवं टपटपतायत, पण हात काही थांब