शनिवारी कळी सोलायची न्हाई

माय, परवा आमच्या नव्या पाळकसाहेबांनी चर्चमध्ये तरुण पोरापोरींची बैठक घेतली आणि फळ्यावर आकडे घातले. एक देव, दोन कुटुंब, तीन मंडळी, चार नोकरी. आयुष्यात आधी काय आणि नंतर काय, ते आत्ताच ठरवून घ्या म्हणाले. मंग माझ्याकडं वळून, "सिस्टर, पुढच्या रविवारी तुम्ही दोन शब्द बोला. तुमचा अनुभव मोठा." अनुभव कसला डोंबलाचा! दवाखान्यात पेशंटांच्या मागं पळता पळता केस पिकले, एवढंच. पण हो म्हणून बसले, आणि तेव्हापासून तू डोक्यातून हलायला तयार न्हाईस. त्या फळ्यावर तुला कुठं बसवावं हेच मला कळंना झालंय.

बाप गेल्यावर तू दीड एकरात कंपनीसाठी कपाशीच्या बियाण्याचा प्लॉट घेतल्ता. आता माझ्या पोरांना ते काम सांगायला गेलं तर गोष्ट सांगितल्यासारखं ऐकतात. दुपारी मादीच्या ओळीत जायचं, उद्या फुलणारी कळी हुडकायची, नखानं सोलायची, आतले केसर काढून टाकायचे आणि वर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नराचं फूल त्यावर घासायचं. दुपारच्या आत हे झालं न्हाई तर बोंड धरत न्हाई, कळी गळून जाती. म्हणजे आज सोललं की उद्या सकाळी रानात जाणं आलंच. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण त्यातून तू जे काढलंस ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तू म्हणायचीस, "रविवार रविवारी पाळता येत न्हाई, बाई. तो शनिवारी दुपारीच पाळावा लागतो." शनिवारी तू कळीला हात लावायची न्हाईस. सोललीच न्हाई तर रविवारी सकाळी रान हाका मारत न्हाई. मंग सोमवारी तू ती आपोआप फुललेली फुलं खुडून बांधावर टाकायचीस, कारण आपल्याच परागानं धरलेलं बोंड बियाण्यात चालत न्हाई. रोजानं येणाऱ्या बाया खिदळायच्या, "काय गं, तुमचा देव शनिवारपासूनच सुट्टीवर जातो का?" तू म्हणायचीस, "देव कुठं जातो? मीच जाते त्याच्याकडं, आवराआवर नको का करायला?"

माझा मात्र ती खुडलेली फुलं बघून जीव तुटायचा. मी दहावीला होते. पास झाले की जालन्याला बोर्डिंगात राहून पुढं शिकायचं असं तूच ठरवलं होतंस, आणि ते सगळं त्या प्लॉटवर होतं. आदल्या वर्षी बी कमी भरलं म्हणून कंपनीचा साहेब बांधावर उभा राहून बजावून गेल्ता, यंदा पुन्हा कमी आलं तर प्लॉट दुसऱ्याला देऊ. तुला त्याची काळजी नव्हती असं न्हाई. पण शनिवार आला की तू आपली ओढ्यावर जाऊन पांढरं लुगडं धुवायला बसायचीस. अशाच एका शनिवारी तू धुणं घेऊन गेलीस आणि मी गवताचं निमित्त करून रान गाठलं. एकटीनं तीन ओळी सोलल्या. नखं दुखायला लागली तरी थांबले न्हाई. वाटलं, लाल टोप्या बघितल्या की हिला उद्या यावंच लागंल. देवाला एक रविवार काय जड हाय?

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारची काकू विहिरीच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिचा पाय मोडला. तिचं रान आपल्या बांधाला लागून, तिचाही प्लॉटच. नवऱ्यानं तिला जीपमध्ये घालून जालन्याला नेलं. मागं तिचं सगळं रान लाल टोप्यांनी भरलेलं. काकू बोलायला गोड, पण आपल्याला तहान लागली की तांब्या वरून धरायची आणि आपण खाली ओंजळ करायची. येशूचं नाव घेतलं तरी गावाच्या लेखी आपण होतो तेच होतो.

सकाळी तू पांढरं लुगडं नेसून दारात उभी. मी मान खाली घालून सांगून टाकलं. वाटलं, आता बसतीय थोबाडीत. तू एवढंच म्हणालीस, "चल." मी जिंकले म्हणून जवळजवळ उड्या मारत तुझ्या मागं निघाले. बांधावर आलो आणि तू उजवीकडं वळलीस, काकूच्या रानात.

"माय, आपलं इकडं हाय!"

"दिसून राह्यलंय मला."

"मंग?"

"आपण चुकलो, आपलं जाईल. तिनं काय केलंय?"

"आणि चर्च?"

"प्रभूला ठाऊक हाय मी कुठं हाय ते."

मी रडकुंडीला आले. "अगं, ती तुला पाणी वरून ओतती!"

"ओतती ना?" तू पहिली टोपी काढत म्हणालीस. "तहानलेली तर न्हाई ना धाडली कधी? लाग जल्दी, ऊन चढतंय."

मी बांधावरच बसून राह्यले, फुगून. पण डोळे तुझ्यावरून हटंनात. तू ओळीमागून ओळ घेत होतीस, लुगड्याचा पदर परागानं पिवळा झाल्ता आणि तू हळू आवाजात गाणं म्हणत होतीस, उपासनेत म्हणतात तेच. मला तुझी भीती वाटली, माय. मारशील म्हणून न्हाई. ज्या बाईनं एका रविवारासाठी इतकी फुलं बांधावर फेकली, तीच बाई तो रविवार शेजारणीच्या रानात देऊन टाकत होती, आणि तिला त्यात काही मोडल्यासारखं वाटतच नव्हतं. आपली ही रोजची, भाकरी करपली तर शिव्या घालणारी माय, आणि तिच्या आत एवढं मोठं काय हाय, ते मला दिसलं आणि अंगावर काटा आला. अजूनही येतो. शेवटी मी उठले आणि तुझ्या शेजारच्या ओळीला लागले.

काकू पंधरा दिवस दवाखान्यात होती. पंधराही दिवस तू सकाळी आधी तिचं रान केलंस आणि उरलेल्या वेळात आपलं. तिचं बी बराबर भरलं. आपलं कमी आलं आणि साहेबानं प्लॉट काढून घेतला. मी दहावी पास होऊन वर्षभर घरी बसले, दुसऱ्यांच्या रानात खुरपत. काकू पुढंही काही दिवस पाणी वरूनच ओतायची. मंग कधी तरी तिनं तांब्या हातात दिला, पण तो दिवस मला आठवत न्हाई आणि तू त्याची कधी गोष्ट केली न्हाईस.

रविवारी मी हे सगळं सांगणार हाय. पोरं गप होऊन ऐकतील, पाळकसाहेबांचे डोळे भरतील, आणि मी खरंच सांगत असेन. तुझ्याएवढं मोठं माणूस मी पुन्हा बघितलं न्हाई. पण एक गोष्ट तिथं सांगणार न्हाई, आणि तू आता न्हाईस, हे कागद कुठं पोचणारे न्हाईत, म्हणून इथं लिहिते. त्या पंधरा दिवसांत रोज सकाळी बांधावर आलो की मी मनात म्हणायचे, आज डावीकडं वळ. मला सगळं पटलंय, माय, तरी अजून वाटतं, एकदा तरी तू आधी माझ्याकडं वळायला पाहिजे होतंस.