विरघळणारी पट्टी

६ ऑक्टोबर
तोंडातून गेलं ते गेलं. दसऱ्याला गावी गेलतो. मुकादमाच्या अंगणात ऊसतोडीच्या टोळीची माणसं बसलेली. माझा बाप, अण्णा, सगळ्यांना सांगायलता, "आमचा युवराज पुण्यात मोठ्या लॅबमदी हाय." माणसं माझ्याकडं बघाय लागली. मग मीबी फुगलो. म्हणलं, हाडात बसवायचा असा धातू हाय आमच्याकडं, हाड जुळलं की आपोआप विरघळतो. काढायचं ऑपरेशनच न्हाई.
अण्णानं पाय पुढं केला. "म्हंजी माझी पट्टीबी?"
सगळे ऐकत होते. "हां," म्हणलं, "हळूहळू."
अण्णाच्या पायातली पट्टी स्टीलची. गेल्या साली ट्रॉलीवरून पडून हाड मोडलं तवाची. आता पाय सुजलाय. बीडचा डॉक्टर म्हणतोय, दिवाळीच्या आत काढा.

९ ऑक्टोबर
लॅबमदी फरशी पुसत होतो. तिथं संशोधन करणाऱ्या उज्ज्वला मॅडम म्हणल्या, "ये, बघ." सूक्ष्मदर्शकाखाली बशी, बशीत मॅग्नेशियमचा तुकडा, त्याच्यावर जित्या पेशी. हिरव्या चमकत होत्या. फोटो आपोआप निघत राहतात, पडद्यावर हालचाल दिसते. एक पेशी पाय पसरून धातूला धरत होती. कडेनं बुडबुडा फुगला, ती सुटली. पुन्हा चाचपडाय लागली.
विचारलं, हाडातलं स्टील असं विरघळतं का?
"छे. जन्मभर तसंच राहतं. आणि आमचा हा तुकडासुद्धा अजून बशीतच आहे, माणसात नाही. का रे?"
उगंच, म्हणलं. बादली उचलली.

१० ऑक्टोबर
अण्णाला फोन केला न्हाई.

१३ ऑक्टोबर
बिभीषण माझ्याबरोबर साफसफाईला हाय, धारूरचा. त्याला सांगितलं. "मग खरं सांग की बे."
"गावात तोंड कसं दाखवू?"
"तोंड तुझं हाय. पाय बापाचा हाय."
फोन लावला. अण्णाच आधी बोलला – "डॉक्टरला न्हाई म्हणून आलो. पोरगं लॅबमदी हाय म्हणलं, त्येला जास्ती कळतं."
मी म्हशीचं विचारलं. ठेवला.

१७ ऑक्टोबर
अण्णाचा फोन. लई खुशीत. "सुरू झालं बग. सूज फुटली. पिवळं पाणी यायलंय. पट्टी इरगळाय लागली."
म्हणलं, अण्णा, आत्ताच्या आत्ता बीडला जा. मी इथं नुसती फरशी पुसतो.