पाच बेडकांची सोय

मी, लुबर्ट क्नोल, वय ७९, निवृत्त पंप मेकॅनिक, राहणार काम्पेन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. फुप्फुसे नाहीत, पण कायद्याला त्यांच्याशी देणेघेणे नाही. दबाव आणणारे दोघे आहेत; मी त्यांना भीक घातलेली नाही.

१. बँकेतील शिल्लक, गाडी व माझ्या दिवंगत पत्नीचे चांदीचे चमचे मुलगा बार्ट याला मिळावेत. त्याचा कायदेशीर वाटा यात पुरेपूर भागतो. नोटरीबाईंकडून तपासून घेतले आहे, उगाच शोधाशोध करू नये.

२. अवजारांची पेटी जावई एर्विन याला. मोठा पाइपपाना त्याच्याकडेच आहे. तो आधी आणून पेटीत ठेवावा, मग पेटी न्यावी.

३. निळा नर बेडूक आमच्या बेडूक क्लबचे सचिव टेर्पस्त्रा यांना. सुरीनामहून आलेला हा वंश मी अठ्ठावीस वर्षे इतर रंगांपासून जपला. रानात ही जात विषारी असते; पाळलेल्या बेडकात विष उरत नाही. ते क्लबमध्ये उरते.

४. या नराची मादी मेली. माझ्या वाढदिवशी सगळे गोल करून कॉफी पीत बसले असता, वरच्या खोलीत राहून माझी औषधे बघणारी नात रोवेना हिने त्याच्या काचपेटीत पिवळी मादी सोडली.

"एकटाच ओरडत असतो बिचारा, आजोबा. सोबत आणली."

मी कपाळावर हात मारला. पुढे व्हायचे तेच झाले: करवंटीखाली अंडी, बापाच्या पाठीवर पिल्ले, आणि शेवटी निळ्या पायांचे, पिवळ्या डागांचे पाच बेडूक.

पुढे एका रविवारी सगळे पुन्हा कॉफी-केकला जमले असता टेर्पस्त्रा येऊन म्हणाले, "फ्रीझरमध्ये ठेव आणि मोकळा हो, लुबर्ट. नियम तूच लिहिलास ना?" बार्ट म्हणाला, "बेडूकच तर आहेत, बाबा. उद्या घर विकल्यावर ठेवणार कुठे?" मीही वैतागून बोलून गेलो, "भेसळ ती भेसळ."

मुलगी हिल्डेने कप खाली ठेवला. "बाबा, हळू. रोवेना स्वयंपाकघरात आहे." एर्विन खिडकीबाहेर बघत राहिला. त्याचे आईवडील सुरीनामच्या पारामारिबोचे; रोवेना त्याची आणि हिल्डेची मुलगी. मी बेडकांबद्दल बोलत होतो आणि हे सर्वांना ठाऊक होते, तरी केक कोणी संपवला नाही. तेव्हापासून तो शब्द मला तोंडात घेववत नाही, दुसरा सापडत नाही, आणि याचा मला फार त्रास होतो.

५. पाचांसाठी नवी काचपेटी मांडली आहे. पुढे कधी बदलावी लागल्यास रीत अशी (रोवेनाला तीनदा सांगून झाली आहे): तळाला भाजक्या मातीचे गोळे, त्यावर जाळी, मग माती, वर ओकची उकळलेली पाने. पाने सडली म्हणून काढू नयेत, सडणे हेच त्यांचे काम. नळाचे पाणी नको, पावसाचेच फवारावे. काचेला साबण लावणाऱ्याला घरात घेऊ नये. आणि बेडूक सोडण्याआधी सहा आठवडे पेटी रिकामी ठेवावी. आमच्या घराण्यात रिकामी जागा कोणाला बघवत नाही, रोवेना तर दुसऱ्याच दिवशी विचारते, "आता सोडू का?"

६. क्लबच्या नियमाचे माझ्या हातचे शब्द असे आहेत: "मिश्र पिल्ले पाळणाऱ्याच्या घराबाहेर जाता कामा नयेत." फ्रीझर त्यात कुठेही नाही, ती टेर्पस्त्रांची भर. मी नियम मोडणारा माणूस नाही. पिल्ले घराबाहेर जाऊ शकत नाहीत, ती पंधरा वर्षे सहज जगतात, आणि त्यांचे करणारे कोणीतरी घरात हवे. सबब हे घर, बाग व पावसाच्या पाण्याच्या पिंपासह, रोवेनाला मिळावे. बार्टच्या दलालाने खोल्या मोजून नेल्या आहेत. ती मापे तिला द्यावीत, पडद्यांना कामी येतील.

हिल्डेला तिच्या वाट्याचे विचारले. ती म्हणाली, "माझाही तिलाच द्या, बाबा. फक्त कारण बेडूक सांगू नका."

दुसरे कारण लिहिताना तीन कागद फाडले. रोवेना सध्या भाड्याच्या खोल्यांच्या जाहिराती बघते. मी गेल्यावर हे घर आपले नसणार, असे ती धरून चालली आहे, आणि मी ते आजवर खोडून काढले नाही. ती माझी नात आहे. हे घर तिचे आहे. बेडूक नसते तरी तिचेच असते.

लिहून देणार: लुबर्ट क्नोल
साक्षीदार: यानेके बोस्खर, शेजारीण; खेर्ट मुल्डर, घरी येणारे परिचारक
काम्पेन, ११ मार्च २०२४