शेवटचं अक्षर

हसनाबाद, १० जानेवारी २०२५

चि. वाजिद यास आपाची दुआ.

फोनवर बोलणार न्हाई, फोननंच हे सारं झालं. व्हिडिओत तू म्हणालास की आपल्या गावचा दर्गा इंग्रजांची साजिश आहे, मुसलमानांचं ईमान ढिलं करायला बांधलेली रिकामी कबर. पुरावा म्हणून दादाअब्बांची, आपल्या आजोबांची वही दाखवलीस. ते बघून परवा गावच्या पोरांनी कबरीवरची चादर काढून नेली. अम्मा चाळीस वर्षं तिथं दिवा लावत आल्ती, आता घरातून हलत न्हाई. मी इतकी वर्षं रिकाम्या मातीशी बोलत होते का, असं विचारती. गावातली तुळजाबाई काल गुरुवारी दिव्याला तेल घेऊन आल्ती, तशीच परत गेली.

दिवा लावावा का न्हाई, ते आलिम-मौलवींनी ठरवावं. पण ती वही तू कुणाला दाखवून विचारलं होतंस का?

हट्ट सोडून बाकी खुशाल असशील.

तुझी थोरली बहीण, आपा

जालना, १६ जानेवारी

ती. आपास सलाम. वि. वि.

न्हाई विचारलं. ‘कब्र’च्या पुढं ‘खाली’, म्हणजे रिकामी, असं दिसलं, तेवढ्यानंच मी हुरळलो. माझं उर्दू दुकानाच्या पाट्यांपुरतं. तू उर्दू शाळेत, मी मराठी. पुढची ओळ लागेना, मंग सोडून दिली. इंग्रजांचं एका ऑडिओत ऐकलं होतं, ते वरून जोडलं. लोक इतकं शाबास म्हणून राह्यले की पुन्हा वही उघडायची भीती वाटली. अम्माला तोंड कसं दाखवू, कळत न्हाई.

वही सोबत पाठवतो. जे असंल ते बराबर लिही. रागावून का होईना, पत्र धाड.

वाजिद

हसनाबाद, २२ जानेवारी

चि. वाजिद यास दुआ.

‘खाली’ न्हाई रे, ‘खाला’ लिहिलंय. कापऱ्या हातानं शेवटचं अक्षर लांबलंय, एवढंच. खाला म्हणजे दादाअब्बांची मावशी, कबर तिचीच. पुढच्या ओळीत लिहिलंय की पटकीच्या साथीत गावातल्या साऱ्या मेलेल्या बायांना हिनं आंघोळ घातली. ती स्वतः गेली तेव्हा भीतीनं कुणी जवळ येईना. तिला शेवटची आंघोळ घातली ती सगुणाबाईनं, म्हणजे आपल्या तुळजाबाईच्या आजीनं.

अम्माला वाचून दाखवलं. मला वाटलं, तुला शिव्या देईल. तर म्हणाली, पोराला मराठी शाळेत घातलं अन् घरी उर्दू शिकवायला बसले न्हाई, चूक माझीच.

वाजिद, पुढच्या गुरुवारी ये. पोरांना अन् तुळजाबाईला तूच तोंडानं सांग, मी सांगणार न्हाई. अम्मानं पेटीतून माझं उर्दूचं पहिलं पुस्तक काढून, पुसून, तुझ्यासाठी ठेवलंय.

वाट बघणारी,
आपा